चित्रामागचा वेळ कोणाचा?

मराठी पुस्तकांतल्या आणि मासिकांतल्या चित्रांचा इतिहास आपण बहुधा शैलीच्या अंगाने सांगतो. धुरंधरांचे रेखांकन, दलालांचे रंग, मुळगावकरांची सफाई, सरवट्यांची बोलकी रेषा असे टप्पे त्यात येतात. हाच इतिहास चरितार्थाच्या अंगाने पाहिला तर वेगळे काही दिसू लागते. महादेव विश्वनाथ धुरंधरांच्या आत्मचरित्राचे नाव 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे'. हे कलामंदिर म्हणजे मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. तिथे ते विद्यार्थी म्हणून गेले आणि शिक्षक होऊन निवृत्त होईपर्यंत राहिले. पुस्तकांची, पोस्टकार्डांची त्यांची एवढी कामे झाली, त्यांच्या पाठीशी ही नोकरी होती. वसंत सरवटे स्थापत्य अभियंता होते आणि एसीसी या सिमेंट कंपनीत नोकरी करत होते. दीनानाथ दलालांनी १९४५ साली 'दीपावली' हे नियतकालिक सुरू केले आणि मुळगावकरांनी 'रत्नप्रभा' काढले. आपल्या अंकाचे मुखपृष्ठ कसे असावे, हे ठरवायला या दोघांना दुसऱ्या कोणाची परवानगी लागत नव्हती.

थोडक्यात, या परंपरेतल्या बऱ्याच मोठ्या चित्रकारांच्या पायाखाली एक तर पगार होता, नाही तर स्वतःच्या मालकीचे मासिक. शि. द. फडणीस यांच्यासारखे दीर्घकाळ केवळ स्वतंत्रपणे काम करून टिकलेले चित्रकार थोडे. आज घरात टेबल मांडून काम करणाऱ्या चित्रकाराकडे पगारही नाही आणि मासिकही नाही. मी त्यांच्यातलाच एक. म्हणून माझे म्हणणे आधीच मांडतो. आमच्या कामातले खरे सर्जन बहुतांशी रेषा उमटण्याच्या आधी, वाचताना आणि ठरवताना घडते. नेमका हाच वेळ मोबदल्यात धरला जात नाही आणि वेळापत्रकातून सगळ्यात आधी कापला जातो. चित्रे ओळखीची आणि एकसारखी वाटू लागली आहेत, त्याचे मूळ इथे आहे. चित्रकारांची प्रतिभा आटली, असे मला वाटत नाही.

एक कथा हातात आली, असे धरू. कोकणातल्या घराची वाटणी होते आहे आणि लेखकाने दोन भावांचे भांडण पानभर रंगवले आहे. पहिल्या वाचनात डोळ्यांपुढे तेच उभे राहते: ओटीवर समोरासमोर दोन भाऊ आणि उगारलेला हात. पण ते शब्दांत सांगून झाले आहे. चित्रानेही तेच सांगितले तर एकच गोष्ट दोनदा छापली जाते, शिवाय कथेचा भर कुठे आहे हे वाचकाला वाचण्याआधीच कळून जाते. दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात दुसरे काही सापडते. थोरली वहिनी माजघरात पितळेची भांडी दोन ढिगांत लावते आहे आणि एक तपेले हातात धरून थांबली आहे. असे वाक्य कथेत कुठेच नाही, तरी ते कथेचेच आहे. ते सापडले की अर्ध्याहून अधिक चित्र झाले. पुढे टेबलाशी बसून जे होते त्यात कौशल्य लागते, पण ते कौशल्य हाताला आधीच शिकवलेले असते.

मग बारकावे येतात. भिंत चिऱ्याची की मातीची, कौले मंगलोरी की नळीची, ओटीवरून माजघरात जाताना उंबरा कुठे लागतो. कथा कोणत्या काळातली, त्यावर वहिनी नऊवारीत असेल की पाचवारीत हे ठरते. नऊवारी असेल तर ती कोणत्या समाजाची, कारण काष्टा घालण्याची आणि पदर घेण्याची तऱ्हा जातीगणिक आणि जिल्ह्यागणिक बदलते. ऑटो रॉथफेल्ड यांच्या १९२० सालच्या 'विमेन ऑफ इंडिया' या पुस्तकात धुरंधरांनी वेगवेगळ्या समाजांतल्या स्त्रियांची चित्रे काढली आहेत. ती पाहताना कळते, की नेसणीतला फरक रेषेत उतरवायचा तर तो आधी डोळ्यांत साठलेला असावा लागतो. हे साठवण्याचे काम कोणत्याही एका मागणीसाठी होत नाही. एसटी स्टँडवर, आठवडी बाजारात, दवाखान्याच्या बाकावर बसून वहीत रेखाटने होतात. कोंबड्यांची टोपली घेऊन बसलेल्या बाईचे गुडघे कसे दुमडतात, हे आज पाहिलेले कधी कामाला येईल सांगता येत नाही. बिलात हे धरता येत नाही, पण चित्रात विश्वास वाटण्याजोगे जे असते ते इथूनच येते.

फडणीसांचे 'मोहिनी' मासिकाचे एक मुखपृष्ठ मराठी वाचकांच्या कायमचे लक्षात राहिले आहे: तरुणीच्या साडीवर उंदीर, तरुणाच्या शर्टावर मांजरी. खाली ओळ नाही, शब्द नाही. दोन कापडांच्या नक्षीतून दोन माणसांमधले सगळे सांगून होते. सरावलेला हात या चित्राची नक्कल सहज करील. अवघड होते ते हे सुचणे, आणि सुचल्यावर त्यात आणखी काही न घालणे. सरवट्यांचे उदाहरणही असेच आहे. 'ललित' मासिकात जयवंत दळवी ठणठणपाळ या नावाने लिहीत होते. लेखक पडद्याआड होता, पण वाचकांच्या मनात ठणठणपाळाला जो चेहरा मिळाला तो सरवट्यांच्या रेषेतून मिळाला. अशा वेळी चित्राला सजावट म्हणणे मला चुकीचे वाटते. ते त्या लेखनाचा अर्धा देह होते.

आता प्रत्यक्षात काय होते ते पाहू. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली आणि आजही आमच्या वर्षाचा कणा तोच आहे. पावसाळ्याच्या मध्यावर फोन सुरू होतात. अंक छापायला जाण्याची तारीख ठरलेली असते आणि ती हलत नाही. लेखकाला मुदतवाढ मिळते, ती मिळायलाही हवी. पण मिळालेला प्रत्येक दिवस चित्रकाराच्या वाट्यातून जातो, कारण साखळीत त्याच्यापुढे फक्त मांडणी आणि छपाई उरलेली असते. मग निरोप येतो: कथा अजून हाती आलेली नाही, विषय सांगतो, तेवढ्यावर करून ठेवा. अशा निरोपातून ठरावीक चित्रे जन्माला येतात. खिडकीशी पाठमोरी बाई, दूर जाणारा रस्ता, माळावरचे एकटे झाड. ती कोणत्याही कथेला चालतात, म्हणून कोणत्याच कथेची नसतात. वाचक ती पाहून पान उलटतो आणि त्याचे काही चुकत नाही.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते, की मुदतीच्या ताणातच चांगले काम होते, फुरसत दिली तर चित्रकार रेंगाळतो. त्यात तथ्य आहे. मुदत नसती तर माझी कित्येक चित्रे पुरी झाली नसती. पण मुदत काय आवळते हे पाहायला हवे. रंग भरायला लागायचा तेवढा वेळ लागतोच, तो आवळता येत नाही. आवळले जाते ते वाचन आणि पहिली दोन-तीन कच्ची रेखाटने, म्हणजे रफ, टाकून देण्याची मुभा. पहिले सुचलेले चित्र बहुतेक वेळा सगळ्यांनाच सुचते. ते बाजूला सारायला जो अवकाश लागतो, तोच घाईत हरवतो.

दिवसाची आखणी मी याच हिशेबाने करतो. सकाळ वाचनाला आणि रफला, कारण तेव्हा शांतता असते आणि डोके ताजे असते. शाई करताना, रंग भरताना गाणी चालतात, घरातली बोलणी चालतात. रफ करताना काहीच चालत नाही. घरच्यांना हे समजावणे सुरुवातीला जड जाते, कारण वाचत बसलेला माणूस रिकामा दिसतो. आणखी एक गोष्ट फार जाणवते. रफ दाखवायला शेजारी कोणी नसते. चित्रे धातूच्या ब्लॉकवरून छापली जात त्या काळात चित्रकाराला छापखान्यात जावे लागे, प्रूफ पाहावे लागे, ब्लॉक करणाऱ्याशी आणि छापणाऱ्याशी बोलावे लागे. आता फाइल पाठवली की संबंध संपतो. पडद्यावर उजळ दिसणारा निळा रंग पिवळसर 'नॅचरल शेड' कागदावर किती मळकट होतो, हे अनेक तरुण चित्रकारांना अंक हातात आल्यावरच कळते. हे शिकवणारी माणसे छापखान्यात आहेत, पण त्यांच्यापर्यंत जायचे कारणच उरलेले नाही.

पैशांकडे वळतो, कारण वेळाचा प्रश्न शेवटी तिथेच येतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात निर्माता हाच कृतीचा प्रथम स्वामी, हे तत्त्व आहे. पण कलम १७मध्ये अपवाद आहेत. मोबदला देऊन कोणी छायाचित्र, रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र करून घेतले आणि उलट करार नसेल, तर प्रथम स्वामी करून घेणारा ठरतो. म्हणजे काहीच न लिहिणे हे चित्रकाराच्या विरोधात जाऊ शकते. दुसरीकडे कलम १९ सांगते, की हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच असले पाहिजे, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. कलम ५७ने निर्मात्याला आपल्या कृतीवर नाव सांगण्याचा आणि तिची मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा हक्क दिला आहे. हक्क विकल्यानंतरही तो राहतो. कायदा एवढे देतो, तरी आमचे बहुतेक व्यवहार फोनवर होतात. अंकासाठी केलेले चित्र पुढे कॅलेंडरवर, मगवर, दुसऱ्याच पुस्तकावर दिसते. विचारले तर उत्तर मिळते की पैसे दिले होते ना. पैसे एका अंकात एकदा छापण्याचे दिले होते, हे दाखवायला कागद नसतो.

थकलेल्या बिलांचेही तसेच. उद्यम नोंदणी केलेला चित्रकार सूक्ष्म उद्योग म्हणून गणला जाऊ शकतो. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे त्याचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे. माझ्या ओळखीतल्या फार थोड्या चित्रकारांना हे माहीत आहे. माहीत असलेलेही वापरत नाहीत, कारण ओळखीवर चालणाऱ्या या जगात नोटीस पाठवणे म्हणजे पुढचे काम गमावणे. मी त्यांना दोष देणार नाही. पण नोंदणी करावी आणि बिलावर नोंदणी क्रमांक छापावा, एवढे सर्वांना सुचवतो.

यंत्राने तयार केलेल्या चित्रांबद्दल थोडेच बोलतो. जानेवारी २०२३मध्ये सारा अँडरसन, केली मॅकर्नन आणि कार्ला ऑर्टिझ या तीन चित्रकर्त्यांनी अमेरिकेत अशी यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांवर दावा लावला. आपली चित्रे न विचारता वापरून ही यंत्रे शिकवली गेली, अशी त्यांची तक्रार होती. मला ती रास्त वाटते. मराठी प्रकाशनात मात्र मला त्याआधीची एक गोष्ट दिसते. कथा न वाचता चित्र मागण्याची सवय आपण आधीच लावून घेतली होती. पाठमोरी बाई आणि एकटे झाड हवे असेल, तर ते यंत्राकडूनही मिळते. वहिनीच्या हातातले तपेले मात्र कथा कोणीतरी वाचल्याशिवाय मिळत नाही.

प्रकाशकांची आणि संपादकांची बाजू मला ठाऊक आहे. आवृत्त्या लहान, कागद महाग, दिवाळी अंकांना जाहिराती कमी, आणि अनेक संपादक स्वतःच बिनमोबदला राबतात. मानधन दुप्पट करा, असे मी त्यांना म्हणणार नाही. पण ज्या गोष्टींना पैसे पडत नाहीत, त्यांच्याबाबत ही सबब चालू नये. संहिता पूर्ण आणि वेळेवर देणे फुकट आहे. चित्र कुठे आणि किती वेळा वापरणार, हे चार ओळींत लिहून देणे फुकट आहे. नाव छापणे फुकट आहे. 'प्रथम बुक्स'ने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या मुक्त मंचावर पुस्तक कोणीही वापरू शकते, मात्र लेखकाबरोबर चित्रकाराचेही नाव द्यावेच लागते. हक्क मोकळे करूनही नाव राखता येते, हे तिथे रोज घडते आहे. मुलांच्या पुस्तकांत माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिका स्वतःच चित्रे काढतात, तिथे शब्द आणि चित्र यांत मोठा-धाकटा असा भेद उरतच नाही. जिथे दोन माणसे आहेत, तिथे तो का असावा?

चित्रकारांनीही आपल्याकडून एक करावे. संहिता न वाचता काम घेऊ नये. नाही म्हणणे परवडत नाही हे मला माहीत आहे, कारण मलाही प्रत्येक वेळी परवडत नाही. पण निदान पूर्ण कथा मागावी, आणि कोटेशनमध्ये वाचनासाठी व रफसाठी वेगळी ओळ लिहावी. ती रक्कम कापली गेली तरी चालेल, ओळ राहू द्यावी. ती वाचणाऱ्याला कळेल की आपण काय विकत घेतो आहोत.

आणि वाचकांना एक विनंती. पुढचा दिवाळी अंक घ्याल तेव्हा श्रेयनामावलीचे पान उघडून पाहा. आतली चित्रे कोणी काढली हे तिथे नसेल, तर संपादकांना दोन ओळींचे पत्र लिहा. वाचक हे नाव शोधतात, एवढे कळले तरी पुढच्या वर्षी ते छापले जाईल.