आधी मत, मग सिमेंट

पुणे, १० नोव्हेंबर २०२४

चि. ताईस,


तुझं पत्र आणि भिंतीचे फोटो मिळाले. सासूबाईंचा जीव टांगणीला लागलाय, जावईबापू म्हणतात ‘सगळ्यांच्याच घरांना भेगा असतात’, आणि ठेकेदार सोमवारपासून जाळी मारून सिमेंट भरायला तयार आहे. तिघांपैकी बरोबर कोण, हे फोटोवरून मी सांगणार नाही. माझं आयुष्य बांधकामावर गेलं असलं, तरी पुण्यात बसून लखनौच्या भिंतीचा निकाल देणं हा आगाऊपणा होईल. एवढंच सांगतो की सोमवारचं काम थांबव. भेग बुजली की तिच्याबरोबर पुरावाही बुजतो. मग तपासायला येणाऱ्याने काय ताज्या गिलाव्याकडे बघायचं?

पण आधी ज्यात थांबायचं नसतं ते. तुमच्याच शहरात ७ सप्टेंबर २०२४ ला ट्रान्सपोर्ट नगरमधला तीन मजली हरमिलाप टॉवर कोसळला आणि ८ माणसं गेली. तिथल्या एका जखमी कर्मचाऱ्याने बातमीदारांना सांगितलं होतं, की पावसामुळे ते खालच्या मजल्यावर आले, तिथे एका खांबाला तडा गेलेला दिसला आणि पाहता पाहता इमारत खाली आली. म्हणून भेग खांबात किंवा बीममध्ये असेल, रोज रुंदावत असेल, भिंत पोट काढून बाहेर आली असेल, किंवा आतून कडकड आवाज येत असेल, तर पत्र पुढे वाचू नकोस. सगळ्यांना घेऊन बाहेर पड आणि त्याच दिवशी इंजिनिअरला बोलाव. तुझ्या फोटोत भेगा विटांच्या भिंतीत आहेत, खांबात दिसत नाहीत. त्यामुळे तुला चार दिवस विचार करायला मिळतील असं वाटतं. पण खात्री तूच कर. प्रत्येक खोलीत आणि जिन्याखाली बॅटरी घेऊन फीर.

आता भेगा वाचायच्या कशा ते. जुन्या भेगेच्या कडा झिजलेल्या असतात, आत धूळ आणि मागच्या रंगकामाचा रंग गेलेला असतो. नवीच्या कडा धारदार आणि आतला भाग स्वच्छ असतो. गवंड्याकडून भेगेवर वीतभर गिलावा काढून बघ. खाली विटा शाबूत असतील तर भेग गिलाव्याचीच आहे, रंगाच्या वेळी निघेल. विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी ती तिरकी चढत असेल, किंवा वीटच फुटली असेल, तर मात्र घर हललंय.

घर का हलतं याची लखनौतली कारणं फार नाहीत. पहिलं ऊन. जूनमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत जातो, जानेवारीत ५ च्या आसपास उतरतो. काँक्रीटचा स्लॅब १० मीटर लांब असेल तर तापमानात २० अंशांचा फरक पडला की तो साधारण २ मिलिमीटर वाढतो. खालची विटांची भिंत त्याच्या निम्मीच वाढते. स्लॅब ओढतो, भिंत अडते, आणि गच्चीच्या लगेच खाली आडवी भेग पडते. तिथे कितीही सिमेंट भर, पुढच्या उन्हाळ्यात ती परत हजर. तिचा इलाज गच्चीवर आहे, उष्णता अडवण्यात आहे. भिंतीला सिमेंट फासणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

दुसरं कारण तुमच्या घरातच आहे. खालचा मजला जुना, वरचा मागाहून चढवलेला. खालच्या भिंती आणि पाया दोन मजल्यांच्या हिशेबाने केला होता का, हे कुणी विचारलं होतं? नव्या-जुन्याच्या सांध्यावर उभी भेग असणं त्या मानाने साधं. पण खालच्या मजल्यावर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघत असेल तर पाया दबतोय का, ते पाहायला हवं. खाली भिंती काढून हॉल मोठा केला असेल, तर तेही लपवू नका. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची साईदर्शन इमारत पडली आणि १७ जण गेले. तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांचीच तेव्हा सर्वांत जास्त चर्चा झाली होती.

तिसरं पाणी. फुटलेली सांडपाण्याची नळी, शोषखड्डा, भिंतीलगत तुंबणारी गटार. लखनौ गोमतीच्या गाळावर वसलेलं आहे. ती बारीक माती पाण्याबरोबर हळूहळू निघून जाते आणि वरचा पाया अधांतरी राहतो.

चौथं कारण तू पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलंस आणि मला तेच सगळ्यात मोठं वाटतं. शेजारचं जुनं घर पाडून तळघरासाठी खणलंय आणि पंप लावून पाणी उपसतायत. तुमच्या पायाखालच्या मातीला बाजूने जो आधार होता, तो काढून घेतला जातोय. इंजिनिअर मंडळी एक ढोबळ आडाखा धरतात: आपल्या पायाच्या तळापासून ४५ अंशांत खाली रेषा ओढायची. खड्डा त्या रेषेच्या आत शिरला तर आधार लावल्याशिवाय पुढे खणू द्यायचं नाही. २४ जानेवारी २०२३ च्या संध्याकाळी लखनौतल्याच वजीर हसन रोडवरचं अलाया अपार्टमेंट कोसळलं, तेव्हाही रहिवाशांनी तळघरात चाललेल्या कामाबद्दल सांगितलं होतं. त्या दुपारी नेपाळमधल्या भूकंपाचे धक्केही जाणवले होते. कारण एकच होतं असं मी म्हणत नाही. पण तळघर हा शब्द ऐकला की मी कान टवकारतो. शेजारच्यांशी भांडू नकोस. तुमच्या घराचे तारीख दिसणारे फोटो काढून ठेव आणि त्यांना लेखी कळव, की खणताना आधार द्या, तुमच्या इंजिनिअरला आमच्या भिंती दाखवा. प्रत विकास प्राधिकरणाला दे आणि पोच घे.

ही कारणं तुला कळली म्हणून तू निदान करायचं नाहीस. ती एवढ्यासाठी सांगितली, की येणाऱ्या माणसाला सगळी हकीकत देता यावी.

तो येईपर्यंत भेगेवर पहारा ठेव. दोन्ही टोकं पेन्सिलने आखून तारीख लिही. भेग लांबली तर त्या खुणांच्या पुढे गेलेली दिसेल. मधोमध पातळ काचेची पट्टी आडवी धर, तिची दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने विटांवर चिकटव, आणि काचेवरही तारीख टाक. काच तडकली तर भिंत चालू आहे. आकडा हवा असेल तर भेगेच्या दोन बाजूंना एकेक स्क्रू बसव आणि दर रविवारी व्हर्नियर कॅलिपरने अंतर मोज. वेळ मात्र एकच ठेव, सकाळी ऊन चढायच्या आत, नाहीतर उन्हाचं हलणं पायाच्या खात्यावर लिहिशील. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची घरं तडकली तेव्हा रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेच्या माणसांनीही भेगांवर मापकं लावलीच होती. भेग किती रुंद आहे याइतकंच ती वाढतेय का, हे महत्त्वाचं असतं. शेजारी खणणं चालू असेल तर रविवारची वाट पाहू नकोस, रोज बघ.

आता माणूस कोण. ठेकेदार नको, राजमिस्त्री नको, वॉटरप्रूफिंगवाला नको, आणि ‘तपासणी फुकट’ म्हणणारा तर मुळीच नको. ही माणसं वाईट असतात म्हणून नव्हे. ज्याचं पोट दुरुस्तीवर चालतं, त्याला दुरुस्ती दिसणारच. तुला स्ट्रक्चरल इंजिनिअर हवा, ज्याला फी फक्त मताची मिळते. आर्किटेक्टही नाही, तो नकाशाचा माणूस. लखनौत इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सचं उत्तर प्रदेशाचं राज्य केंद्र आहे, तिथे चौकशी कर. सीतापूर रोडवरच्या इन्स्टिट्यूट ऑफ इंजिनिअरिंग अँड टेक्नॉलॉजीच्या स्थापत्य विभागातही विचारून बघ. मुंबईत ३० वर्षांपलीकडच्या इमारतींना महापालिका कायद्याच्या कलम ३५३ब खाली संरचनात्मक तपासणी करावीच लागते. तुमच्या अलीगंजातल्या स्वतंत्र घराचं दार कुणी ठोठावणार नाही. आपलं आपणच बोलवायचं.

बोलावताना विचार: विटांच्या भारवाही भिंतींची घरं तपासली आहेत का? स्वतः येणार की मुलगा पाठवणार? अहवाल सहीशिक्क्यानिशी, लेखी देणार का? दुरुस्तीचं काम स्वतः किंवा भागीदाराकडून करतात का? शेवटच्याचं उत्तर ‘हो’ आलं तर दुसरा शोध.

आला की बघ तो काय करतो. चांगला माणूस आधी घराबाहेरून फेरी मारतो, गच्चीवर जातो, शेजारचा खड्डा बघतो, दारं घासतात का ते उघडून-मिटून पाहतो, मग भेगेकडे वळतो. गरज वाटली तर पायाशेजारी एके ठिकाणी खणून खोली तपासायला सांगेल. ते त्याच्या देखरेखीखालीच होऊ दे. कुणी आल्याआल्या ‘हॅमर टेस्ट’ची यादी पुढे केली, तर ती कशासाठी ते विचार. तो हातोडा काँक्रीटच्या पृष्ठभागाचा टणकपणा सांगतो, तुमचा पाया दबतोय का हे नाही.

अहवालात एवढं असायलाच हवं: प्रत्येक भेगेची जागा आणि माप असलेला नकाशा, संभाव्य कारण, भेग चालू आहे की थांबलेली, राहायला धोका आहे का, काय करायचं आणि काय करायचं नाही. ‘इमारतीची दुरुस्ती आवश्यक’ असं एक वाक्य म्हणजे अहवाल नव्हे. मोठा खर्च सांगितला, तर दुसरं मत घ्यायला संकोच नको. पण दुसऱ्याला पहिल्याचा निष्कर्ष आधी सांगू नकोस.

फी ऐकून जावईबापू कुरकुरतील. त्यांना सांग, की ‘काही करू नका, उन्हाळ्यानंतर पुन्हा बोलवा’ असंही उत्तर येऊ शकतं आणि त्यासाठी दिलेले पैसे वाया गेलेले नसतात. सासूबाईंना त्या रात्री झोप लागेल.

अहवाल हातात आला की तो ठेकेदाराच्या अंदाजपत्रकाशेजारी ठेव आणि ओळीने ताडून बघ. ज्या कामाचं कारण अहवालात सापडत नाही, त्यावर काट मार. उरलेल्याचा भाव कर.

सासूबाईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. काचेची पट्टी लावलीस की कळव.

तुझा,
मामा