डोंगर आयता भेटला तर?

क्लेअरव्होचा संत बर्नार्ड बाराव्या शतकात एकदा जिनिव्हा सरोवराच्या काठाने दिवसभर प्रवास करत गेला. संध्याकाळी मुक्कामावर सोबतची मंडळी सरोवराबद्दल बोलू लागली, तेव्हा त्याने विचारलं, कुठलं सरोवर? त्याच्या चरित्रात हा प्रसंग कौतुकाने नोंदवला आहे. ईश्वरचिंतनात इतका बुडालेला की दिवसभर शेजारी असलेलं अथांग पाणीही दिसलं नाही, यातच भक्तांना त्याचं मोठेपण वाटलं.

आज त्याच काठाने लोझानहून माँत्रूला गाडी जाते. अवघी वीसेक मिनिटं. उजवीकडची खिडकी धरली की खाली पाणी, पलीकडे फ्रान्समधले बर्फाचे डोंगर. डावीकडे चढत जाणाऱ्या द्राक्षमळ्यांच्या दगडी पायऱ्या. हा लाव्होचा उतार. २००७ साली त्याला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. या उतारावर ताली घालून द्राक्षं लावण्यात बाराव्या शतकातल्या सिस्टर्शियन संन्याशांचा मोठा वाटा होता, म्हणजे बर्नार्डच्याच पंथाच्या लोकांचा. एकाला सरोवर दिसलंच नाही. त्याच्या गुरुबंधूंनी त्याच सरोवरावरून परतणारं ऊन ओळखलं, दगडावर दगड रचला आणि त्या कामालाच प्रार्थना मानलं. देव शोधायचा तर जगाकडे पाठ फिरवायची की तोंड, हा वाद एकाच पंथात, एकाच काठावर असा शेजारी शेजारी उभा आहे.

एप्रिल-मेच्या सुट्टीत स्वित्झर्लंडला जायचा बेत आखणाऱ्या मराठी घरात हा वाद वेगळ्या रूपात येतो. गाड्या ठरलेल्या, पास काढलेला, कुठे बदलायचं आणि कुठे जेवायचं तेही लिहून ठेवलेलं. मग घरातलं कोणीतरी विचारतं, एवढं सगळं आयतं मिळाल्यावर डोंगर खरंच भेटतो का? की नुसता बघून होतो? प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्यामागे सहाशे-सातशे वर्षांचा विचार आहे.

इटालियन कवी पेत्रार्कने आपल्या एका पत्रात २६ एप्रिल १३३६ या दिवसाची हकिगत सांगितली आहे. फ्रान्समधल्या माँ व्हाँतू या डोंगरावर तो आपल्या भावासोबत चढला, केवळ वरून कसं दिसतं ते पाहावं म्हणून. शिखरावर त्याने संत ऑगस्टिनचं पुस्तक उघडलं आणि नेमकं असं पान निघालं, की माणसं उंच डोंगर पाहायला जातात आणि स्वतःला मात्र विसरतात. पेत्रार्क ओशाळला आणि गप्प राहून खाली उतरला. त्याने कष्ट घेतले होते, दमला होता, तरीही पाहण्याची ही हौस त्याला अपराधासारखी वाटली. डोंगर पायी चढल्याने मनाला समाधान मिळतंच असं नाही, हे इथेच दिसतं.

ल्युसर्नजवळच्या पिलाटुस डोंगराची गोष्ट तर भीतीची आहे. येशूला शिक्षा सुनावणाऱ्या पिलाताचा आत्मा या डोंगरावरच्या तळ्यात आहे, त्याला कोणी डिवचलं की वादळ येतं, असा समज होता. शहराने वर जायला बंदी घातली होती. १३८७ मध्ये ती मोडणाऱ्या सहा धर्मगुरूंना कैदेत टाकलं गेलं. १५८५ मध्ये योहान म्युलर नावाचे धर्मगुरू लोकांना घेऊन वर गेले, तळ्यात दगड टाकायला लावले, भुताला आव्हान दिलं. काहीच झालं नाही. भीती सरली आणि तीनशे वर्षांनी, १८८९ मध्ये, त्याच डोंगरावर दातेरी रुळांची रेल्वे चढली. तिचा सर्वांत तीव्र चढ असा आहे की आडवं शंभर मीटर अंतर कापताना गाडी ४८ मीटर उंच जाते. जगातली ही सर्वांत खड्या चढाची दातेरी रेल्वे.

बंदी आणि रेल्वे यांच्यामध्ये एक माणूस उभा आहे, त्याच्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. झुरिकचा निसर्गशास्त्रज्ञ कोनराड गेस्नर. १५४१ मध्ये एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने संकल्प सोडला, की देव आयुष्य देईल तोवर दरवर्षी निदान एक डोंगर चढायचा, तोही फुलं बहरात असताना. १५५५ मध्ये रीतसर परवानगी काढून तो पिलाटुसवर गेला. वनस्पती तपासणं, पाणी चाखणं, वाऱ्याचा वास घेणं, हे सगळं त्याच्या लेखी सृष्टिकर्त्याला ओळखण्याचं काम होतं. त्याचा बेत अगदी व्यवहारी होता: वर्षातून एक, ठराविक ऋतूत, परवानगीसकट. नियोजनाने अनुभव कोरडा होतो म्हणणाऱ्यांनी हा माणूस विचारात घ्यावा. आषाढी-कार्तिकीची तिथी वर्षभर आधी माहीत असते म्हणून वारकऱ्याची ओढ कमी होत नाही. गेस्नरचंही तेच होतं.

मात्र रेल्वे आल्यावर तक्रारीचा सूर बदलला. २१ मे १८७१ रोजी ल्युसर्न सरोवराकाठच्या फिट्सनाउहून रिगी डोंगरावर युरोपातली पहिली दातेरी पर्वतरेल्वे सुरू झाली. निक्लाउस रिगेनबाख या अभियंत्याची ही करामत. त्याआधी लोक रिगीवर चालत किंवा खेचरावरून जात. रिगीच्या कुशीत क्लोस्टरली इथे बर्फाच्या मारियेचं सतराव्या शतकापासूनचं छोटं देऊळ आहे. हौशी प्रवाशांच्या कितीतरी आधी या डोंगराची वाट यात्रेकरूंनी मळवली. रेल्वे आल्यावर गर्दी वाढली आणि मग प्रश्न आला: न दमता वर पोहोचलेल्याचा डोंगरावर हक्क किती?

हा आक्षेप सर्वांत नेटाने मांडला तो इंग्लंडमध्ये, कवी वर्ड्सवर्थने. १८४४ मध्ये विंडरमिअर सरोवराकडे रेल्वे नेण्याच्या बेताविरुद्ध त्याने वृत्तपत्रातून पत्रं लिहिली. सरोवर आणि डोंगर यांची गोडी जन्मजात नसते, ती हळूहळू रुजवावी लागते. गिरण्यांमधल्या कामगारांना एका दिवसासाठी गाडीत घालून आणलं तर त्यांच्या हाती काही लागणार नाही, असं त्याचं म्हणणं. १८४७ मध्ये रेल्वे आलीच. वर्ड्सवर्थ मोठा कवी, डोंगरांवर त्याचं प्रेम खरं होतं. पण इथे तो चुकला. गोडी रुजवावी लागते हे बरोबर, पण जे कधी पाहायलाच मिळालं नाही त्याची गोडी रुजणार कशी?

मराठी भाविकाने हा प्रश्न आपल्या परीने केव्हाच सोडवला आहे. पायी वारी करणारा आणि एकादशीला एसटीने उतरणारा, दोघेही पंढरीत मिसळतात. नाशिक जिल्ह्यातल्या सप्तशृंग गडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. गुडघे धरलेली आजी तिच्यात बसून वर जाते आणि पायऱ्या चढून आलेल्या नातवाइतकीच देवीसमोर हात जोडते. तिचा नमस्कार उणा ठरवायचा अधिकार कोणाला नाही.

तत्त्वज्ञांमध्ये या मुद्द्याच्या सर्वांत जवळ गेला इमॅन्युएल कांट. तो आयुष्यभर कोनिग्सबर्गच्या परिसरात राहिला, आल्प्स त्याने कधी पाहिले नाहीत. वर्णनं वाचली ती सोस्यूरसारख्या गिर्यारोहक शास्त्रज्ञाची. १७९० च्या ग्रंथात त्याने मांडलं, की कडे, वादळ, कोसळणारं पाणी यांतली भव्यता त्या वस्तूंमध्ये नसते. त्यांच्यासमोर आपल्या मनाला स्वतःच्या उंचीची जी जाणीव होते, तीत असते. पण त्याने एक अट घातली: पाहणारा सुरक्षित जागी असायला हवा. जीव मुठीत धरलेल्याला भव्यता जाणवत नाही, फक्त भय जाणवतं. कांटच्या हिशेबाने आगगाडीची खिडकी ही भव्यतेसाठी अगदी योग्य जागा.

आणि तरीही कांटनेच सोस्यूरकडून एक शेतकरी उचलला आहे. साव्हॉय प्रांतातला हा साधा, समंजस माणूस बर्फाच्या डोंगरांवर प्रेम करणाऱ्यांना बेधडक वेडे म्हणत असे. कांटला वाटलं, हे संस्कार नसल्याचं लक्षण. खरं तर तो शेतकरी दुसरंच काही सांगत होता: ज्याची गुरं, घर आणि मुलं हिमलोटाच्या वाटेवर आहेत, त्याला खिडकी मिळालेलीच नाही. म्हणजे आपल्याला सुखाने डोंगर पाहता येतो, त्यामागे कोणीतरी आपल्यासाठी तयार केलेली सुरक्षितता असते. डोंगर आयता भेटण्यात पाप नाही. मात्र त्याचं ऋण असतं, आणि प्रवासाचा बेत आखताना त्या ऋणाची जाण ठेवायला हवी.

आल्प्स ओलांडणाऱ्या गॉटहार्ड रेल्वेमार्गावर हे ऋण डोळ्यांनी दिसतं. १८७२ ते १८८२ या दहा वर्षांत पंधरा किलोमीटरचा बोगदा खणला गेला. कामगार बहुतेक इटलीतले. अपघातांत सुमारे दोनशे जण गेले. आजारांनी नंतर गेलेले वेगळेच. १८७५ मध्ये गोशेनेनला कामगारांनी संप केला, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चौघे मेले. कंत्राटदार लुई फाव्र स्वतः १८७९ मध्ये बोगद्यातच कोसळून वारला. दक्षिण टोकाला आयरोलो स्टेशनजवळ शिल्पकार विन्चेन्झो वेलाचं कांस्यशिल्प आहे: मेलेल्या सोबत्याला डोलीवरून वाहून नेणारे मजूर. २०१६ मध्ये खालून ५७ किलोमीटरचा नवा पायथ्याचा बोगदा खुला झाला. त्याच्या कामातही नऊ जीव गेले.

आता बेत आखणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. नवा बोगदा वेळ वाचवतो, पण डोंगर पूर्ण झाकून टाकतो. जुनी वाट वर चढते. तिथे वासेन गावाचं पांढरं चर्च तीनदा दिसतं, कारण उंची गाठण्यासाठी रूळ डोंगराच्या पोटात वळसे घेतात. उत्तरेकडून येताना चर्च आधी डोक्यावर, मग समोर, मग खाली. एकच देऊळ तीन उंचींवरून पाहताना आपली जागा बदलते आहे हे लक्षात येतं. वेळ असेल तर या लेखाचा कौल निःशंकपणे जुन्या वाटेला आहे.

वेळ काढणं स्वित्झर्लंडमध्ये अवघड नाही. १९८२ पासून तिथल्या बहुतेक गाड्या दर तासाला त्याच मिनिटाला सुटतात. एक चुकली तरी तासाभरात दुसरी. स्टेशनवर हान्स हिल्फिकरने १९४४ मध्ये आखलेलं घड्याळ असतं. त्यात नंतर बसवलेला लाल सेकंदकाटा साधारण साडेअठ्ठावन्न सेकंदांत फेरी पुरी करतो, बाराच्या खुणेवर थबकतो, आणि मिनिटकाटा पुढे सरकल्यावर पुन्हा निघतो. एवढ्या शिस्तीचा फायदा असा, की प्रवाशाला घाई करावी लागत नाही. ब्रिएन्झला पाण्याचा रंग आवडला तर उतरावं, बाकावर बसावं, पुढची गाडी ठरलेली आहेच. एंगेलबर्गचा बेनेडिक्टाइन मठ ११२० पासून घंटेच्या शिस्तीवर चालतो. तासांची चौकट पक्की असली की तिच्या आत मन मोकळं राहतं, हे मठवासीयांना फार पूर्वी कळलं होतं.

वसंतात आणखी एक धडा मिळतो. मेमध्ये माँत्रूच्या वरच्या कुरणांत नार्सिससची पांढरी फुलं येतात, पण फुर्का आणि ग्रिमसेलच्या घाटांवर बर्फ असतं आणि रस्ते बंद. पिलाटुसची रेल्वे साधारण मेच्या मध्याला सुरू होते. अनेक रोपवे देखभालीसाठी थांबलेल्या असतात. पंधरा ठिकाणांची यादी घेऊन गेलेल्याची चिडचिड होते. चार ठिकाणं घेऊन गेलेल्याला तळाशी उन्हाळ्याची चाहूल आणि माथ्यावर हिवाळा एकाच दिवसात मिळतो.

आंडरमाटहून ब्रिगकडे उतरताना फीश नावाचं गाव लागतं. वर सुमारे वीस किलोमीटर लांबीची आलेच हिमनदी आहे. तिच्या कडेच्या तळ्याचं पाणी फुटून गावं बुडत, म्हणून १६७८ मध्ये फीश आणि शेजारच्या फीशरटालच्या लोकांनी सदाचाराचं व्रत घेतलं आणि संकट टळावं म्हणून प्रार्थना सुरू केली; १८६२ पासून मिरवणूकही निघू लागली. पुढे हिमनदी मागे हटू लागली. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडने आपल्या हिमनद्यांचा सुमारे दहा टक्के बर्फ गमावला. त्याच्या आधीच गावकऱ्यांनी व्हॅटिकनकडे प्रार्थना बदलायची परवानगी मागितली होती, ती २०१० मध्ये मिळाली. आता ते हिमनदी टिकावी म्हणून प्रार्थना करतात. साव्हॉयच्या शेतकऱ्यासारखीच ही माणसं, आणि जिला भ्यायचे तिच्याचसाठी आता हात जोडतात.

स्विस गाड्या बहुतांशी जलविद्युतेवर धावतात. मुंबईहून तिथवर नेणारं विमान तसं नाही. म्हणून जायचंच असेल तर एकदा जा, जास्त दिवस राहा, ठिकाणं कमी करा. त्यातला एक मुक्काम फीशला ठेवा आणि वर जाणारी रोपवे त्या आठवड्यात चालू आहे का, ते तिकीट काढण्याआधी पाहून घ्या.