नावावर गुन्हा नको

सरकारी नोकरीसाठी निवड झाली की उमेदवाराच्या हाती जे कागद पडतात, त्यांत एक साक्षांकन नमुना असतो. नाव, पत्ते, शिक्षण लिहून झाले की खरे प्रश्न येतात : कधी अटक झाली होती का, खटला भरला गेला का, स्थानबद्ध केले होते का, दंड झाला का. माहिती लपवली तर लागलेली नोकरीही जाऊ शकते. खरे लिहिले तरी ती मिळेलच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये अवतार सिंग प्रकरणात किरकोळ गुन्ह्यांकडे काणाडोळा करण्याची मुभा नियुक्ती करणाऱ्याला दिली. पण खरे सांगणाऱ्याला नेमलेच पाहिजे, असे बंधन घातले नाही.

पुण्यातल्या सदाशिव पेठेत, नवी पेठेत अभ्यासिकांमध्ये बसणाऱ्या पोरांना हा नमुना निवडीच्या कितीतरी आधी ठाऊक असतो. त्यामुळे तिथला सल्ला ठरलेला : मोर्चात मागे राहा, फोटोत येऊ नको, स्टेटसला काही ठेवू नको, नावावर गुन्हा नको. आणि गुन्हा व्हायला दरोडा घालावा लागत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मोठ्या शहरांत मनाईचे आदेश वरचेवर निघतात. तो आदेश असताना पाच जण घोषणा देत उभे राहिले की कलम 135 लागू शकते. न्यायालयात त्याचे पुढे काय होते, हा वर्षांचा प्रश्न; नमुना मात्र आत्ताच भरायचा असतो.

या गप्प बसण्याच्या बदल्यात काय मिळते? 2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या वर जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांहून अधिक. 2024 च्या पोलीस भरतीत सतरा हजारांवर जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज, म्हणजे ढोबळमानाने शंभरात एक. उरलेल्या नव्याण्णवांना ती वर्दी मिळणार नाही. गप्प मात्र शंभरही बसतात, कारण तो एक कोण हे कुणालाच माहीत नसते.

सुरक्षितता हवी तर थोडे स्वातंत्र्य सोडा, असा सौदा आपल्याला नेहमी सांगितला जातो. तो उलटा वाचणारा माणूस आपल्याच घरचा आहे. संविधान सभेपुढे ठेवण्यासाठी बाबासाहेब आंबेडकरांनी 1947 मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन लिहिले. त्यात ते विचारतात की बेकार माणसासमोर एक नोकरी ठेवली आणि अट घातली की संघटनेत जायचे नाही, बोलण्याचा हक्क वापरायचा नाही, तर तो काय निवडील? उत्तर उघड आहे. म्हणून त्यांचा आग्रह असा की मूलभूत हक्क कागदावर लिहून भागत नाही. पोटाची शाश्वती नसलेला माणूस ते हक्क स्वतःच्या हाताने सोडून देतो. बाबासाहेबांच्या जयंतीला भाषणे करणारी मंडळी या निवेदनाच्या वाटेला सहसा जात नाहीत.

आपल्याकडचा इतिहासही तेच सांगतो. महाराष्ट्रातले राज्य सरकारी कर्मचारी 1977-78 मध्ये 54 दिवस संपावर होते. 2023 च्या मार्चमध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत ते पुन्हा आठवडाभर उतरले. हे धाडस कायम नोकरीतून आले. ज्याला उद्या कुणी सहज काढू शकत नाही, तो आज बोलू शकतो. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये नऊ खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी पदे भरण्याचा शासन निर्णय निघाला. ओरड झाली आणि ऑक्टोबरात तो मागे घेतला, हे बरेच झाले. पण कंत्राटी माणसे त्याआधीही होती, आजही आहेत. अकरा महिन्यांच्या आदेशावरचा माणूस काय संप करणार?

सैन्यभरतीत हे सारे उघडपणे बोलले गेले. 14 जून 2022 रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली : चार वर्षांची नोकरी, त्यानंतर फार तर चौथा हिस्सा कायम, बाकीच्यांना एकरकमी सेवानिधी, पेन्शन नाही. अनेक राज्यांत पोरे रस्त्यावर आली, रेल्वेगाड्या जाळल्या गेल्या. पाचच दिवसांनी लष्कराच्या वतीने सांगण्यात आले की आपण निदर्शनांत किंवा जाळपोळीत नव्हतो असे उमेदवाराने लिहून द्यावे. पोलीस पडताळणी होईल, गुन्हा असेल तर प्रवेश नाही. डबा पेटवणाऱ्याच्या हाती बंदूक नको, हे मलाही मान्य आहे. पण निदर्शन आणि जाळपोळ एकाच हमीपत्रात बसवणे मान्य नाही. नोकरीची शाश्वती कमी केली ती सरकारने, आणि तिच्याविरुद्ध बोललो नाही याची हमी द्यायची ती मुलाने!

त्यातही आपली पोरे बोलली, नाही असे नाही. 2021 मध्ये एमपीएससीची परीक्षा ऐनवेळी पुढे ढकलली तेव्हा, 2023 मध्ये वर्णनात्मक पद्धत लांबवण्यासाठी, 2024 मध्ये बँकभरतीच्या आयबीपीएस परीक्षेशी तारीख भिडली तेव्हा पुण्यातला शास्त्री रस्ता भरून गेला, आणि तिन्ही वेळा सरकारला वाकावे लागले. माझी तक्रार इतकीच की तिन्ही वेळा भांडणाच्या मुळाशी वेळापत्रक होते. जागा इतक्या कमी का, हा प्रश्न त्या गर्दीत मागेच राहिला.

जुलै 2025 मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. संयुक्त समितीकडे बारा हजारांवर हरकती-सूचना आल्या होत्या. समितीने रोख कडव्या डाव्या संघटनांपुरता आणला, हे खरे. तरी ज्याच्या भवितव्याला नुसती नोंदही पुरते, त्याच्यासाठी संशयाचे आणखी एक दार उघडले.

आंदोलनांचे गुन्हे मागे घेण्याचे निर्णय सरकार अधूनमधून घेते. जीवितहानी नसावी, नुकसान पाच लाखांच्या आत असावे, अशा अटी असतात. पण ती मेहेरबानी झाली, आणि तिची मुदत सरकारच ठरवते. हवे आहे ते साधे : दोषसिद्धी झाल्याशिवाय, निदान मनाई आदेशाच्या गुन्ह्यांपुरती, नमुन्यात विचारणाच नको, आणि हे नियमात लिहिलेले असावे. ही मागणी अभ्यासिकेतल्या पोरांनी करावी अशी अपेक्षा ठेवणे क्रूरपणाचे आहे. ज्यांची पेन्शन दर महिन्याला बँकेत जमा होते, ज्यांना आता कुठलाच नमुना भरायचा नाही, त्यांनी ती करावी. आमदाराला पत्र लिहायला त्यांना कसली भीती?