सहीच्या आधीचा प्रश्न

शास्त्रपाठ : योहान ५:१-९



बेथेसदा तळ्याच्या पाच पडव्यांत रोग्यांची दाटी असे. तेथे अडतीस वर्षे आजारी असलेल्या एका मनुष्याला प्रभूने पाहिले. त्याचे दुखणे किती जुने आहे हे प्रभूला कळले होते. तरीही त्याने आधी विचारले, की बरे होण्याचे तुझ्या मनात आहे ना? शब्बाथ शाळेत हा पाठ शिकताना आम्हांला हा प्रश्न विचित्र वाटे. इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्याला असे का विचारावे? पण उत्तर पाहा. तो ‘होय’ म्हणतच नाही. पाणी हालते तेव्हा आपल्याला तळ्यात सोडायला कोणी माणूस नाही, दुसराच कोणी आधी उतरतो, हे तो सांगत बसतो. विचारले एक, त्याच्या कानी पडले दुसरेच. प्रभूने त्याला मध्येच तोडले नाही, सर्व ऐकून घेतले आणि मगच उठायला सांगितले.

हा पाठ आम्हांला कर्करोगाच्या वॉर्डात आठवला. तेथे आज रोग्याला पुष्कळदा विचारतात, की आमच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये याल का? एखादे नवे औषध चालू उपचारापेक्षा खरोखर सरस आहे की नाही, हे रोग्यांच्या संमतीने पाहण्याची ही रीत आहे. आज जे उपचार आपण निर्धास्तपणे घेतो, त्यांतले पुष्कळ असेच कोणीतरी आपले शरीर पुढे केल्यामुळे पारखून मिळालेले आहेत. म्हणून या कामाला आम्ही वाईट म्हणत नाही. आमचा प्रश्न विचारण्याच्या पद्धतीविषयी आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एका मावशींना स्तनाचा कर्करोग झाला. मोठ्या शहरातील रुग्णालयात त्यांच्या हाती बरीच पाने असलेले एक पत्रक देण्यात आले. आम्ही भेटीला गेलो तेव्हा त्यांनी विचारले, “डॉक्टर चाचणीत भाग घ्या म्हणतात. घेऊ का हो?” आम्ही ते पत्रक उघडूनही पाहिले नाही. “डॉक्टर सांगतात तर घ्या मावशी, प्रभू समर्थ आहे,” असे म्हणून प्रार्थना केली, चहा घेतला आणि निघालो. मावशींनी सही केली. आठ दिवसांनी त्या म्हणतात, “त्या चाचणीचा रिपोर्ट अजून कसा आला नाही?”

रक्ताची चाचणी, थुंकीची चाचणी, तशीच ही एक, असे त्या समजल्या होत्या. त्यांचे काय चुकले? आपल्या भाषेत त्या शब्दाचा नित्याचा अर्थ तोच आहे. चूक विचारणाऱ्यांची होती, आणि त्यांत आम्हीही होतो.

हा घोटाळा मराठीतच होतो असे नाही. इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंडमधील नऊ शहरांत १९९९ ते २००९ या काळात पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावर ‘प्रोटेक्ट’ नावाची ट्रायल चालली. शस्त्रक्रिया, किरणोपचार, किंवा लगेच काही न करता नियमित तपासणी ठेवणे, यांतले बरे कोणते हे पाहायचे होते. आरंभी फार थोडे लोक तयार होत. तेव्हा जेनी डोनोव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी परवानगी घेऊन डॉक्टर, परिचारिका आणि रोगी यांची बोलणी ध्वनिमुद्रित केली व शांतपणे ऐकली. ज्या शब्दांचा अर्थ ‘सावधपणे वाट पाहणे’ असा होतो, त्यांचा अर्थ रोग्यांनी ‘मी मरेपर्यंत हे पाहत राहणार’ असा घेतला होता! ‘ट्रायल’ म्हणजे करून पाहू, जमले तर जमले, असेही काहींना वाटे. डॉक्टर आधी शस्त्रक्रियेचे आणि किरणांचे सविस्तर सांगत, आणि तपासणीचा पर्याय शेवटी दोन वाक्यांत उरकत. मुद्दाम कोणी काही करत नव्हते.

मग शब्द बदलले, क्रम बदलला, तिन्ही उपचार सारख्या वजनाने सांगण्याची शिकवण दिली गेली. २००१ च्या मे महिन्यापर्यंत होकार देणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ४० वरून ७० वर गेले. अखेर १,६४३ पुरुष सामील झाले. २०१६ साली निष्कर्ष आला, की दहा वर्षांनंतर त्या कर्करोगाने दगावलेले तिन्ही गटांत शंभरात सुमारे एकच होते. घाईने शस्त्रक्रियेकडे धावणाऱ्या कितीतरी जणांना या माहितीचा आधार मिळाला. तेथे समजावून सांगण्याच्या कामात परिचारिका सर्जन डॉक्टरांच्या जवळजवळ बरोबरीने उतरल्या, हेही पारखून पाहिले गेले. आपल्या मंडळ्यांतील कितीतरी भगिनी या सेवेत आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

सगळ्यांत अवघड गोष्ट कोणती ठरली असेल? ‘आम्हांला ठाऊक नाही’ हे डॉक्टरांनी तोंडाने म्हणणे. (व्यासपीठावरून बोलणाऱ्या आम्हांलाही ते अवघडच जाते.)

आपल्या देशात २०१९ चे नियम आहेत. रोग्याला समजेल अशा भाषेत माहिती द्यावी लागते. कारण न देता केव्हाही बाहेर पडता येते, आणि त्यामुळे नेहमीचा उपचार तुटत नाही. पण बेळगावच्या मराठी आजीच्या हाती कानडी पत्रक पडले, किंवा बडोद्याच्या काकांच्या हाती गुजराती, तर ‘मला हे वाचता येत नाही’ असे म्हणायला ती माणसे लाजतात. तेथे सोबत बसून मराठी पत्रक मागणारा कोणी हवा. त्या आजाऱ्यालाही माणूसच हवा होता.

आम्ही मावशींना घेऊन पुन्हा रुग्णालयात गेलो. औषध अजून सुरू झाले नव्हते. एक सिस्टर खुर्ची ओढून जवळ बसली. नेहमीची किमो सर्वांनाच मिळेल, निम्म्या जणींना सोबत एक नवे औषध, आणि ते कोणाला हे संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवील, असे तिने सांगितले. चिठ्ठ्या म्हणताच मावशींना प्रेषितांनी निवडलेला मत्थिया आठवला.

“पण डॉक्टरांना नाही का कळत, कोणते चांगले ते?”

“नाही मावशी, अजून नाही. म्हणून तर विचारतात.”

मग सिस्टर म्हणाली, “आता मी काय सांगितले ते तुम्ही मला सांगा.” मावशींनी अडखळत सांगितले. दोन ठिकाणी चुकल्या. सिस्टरने तेवढेच पुन्हा सांगितले. मावशी खिडकीकडे पाहत बराच वेळ गप्प राहिल्या. आम्ही काहीतरी बोलणार होतो, पण या वेळी बोललो नाही.

“नको बाई,” त्या म्हणाल्या. “माझे दोन्ही मुलगे लांब आहेत. जास्तीच्या खेपा मला झेपणार नाहीत. रागावणार नाही ना तुम्ही?”

सिस्टर हसली. फाइलमध्ये तशी नोंद करून तिने पुढच्या बुधवारच्या किमोची वेळ लिहून दिली.