लष्करातला सराफा

आधी अंगठा आणि तर्जनी, दोन्ही कानाच्या पाळीवर ठेवा. भोक असेल तर बोटांना जाणवेल. बुजलं असेल तर बारीकशी गाठ लागेल. तिथे थोडं थांबा. कान टोचले ते तुम्हाला आठवत नसणार. बाराव्या दिवशी म्हणा, पुढे कधी म्हणा, सोनार सोन्याची तार घेऊन घरी आला असेल. तुम्ही रडलात, कुणीतरी जिभेवर साखर ठेवली आणि घरच्यांच्या लेखी प्रसंग संपला. कातडीच्या लेखी तो तिथे सुरू झाला.

आता हाच कान घेऊन ग्वाल्हेरला चला. १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ इथे पडला. तळाचं शहर झालं, तरी नाव लष्करच राहिलं. त्या लष्करात, महाराज बाड्याजवळ, सराफा बाजार आहे. एका पेढीच्या पायरीशी मनाने उभे राहा. आत सराफ काळ्या कसोटीवर दागिना घासतो. रेघ उठते. तिच्याशेजारी तो माहीत असलेल्या कसाची दुसरी रेघ ओढतो आणि दोन्हींवर आम्लाचा थेंब सोडतो. मग नुसता बघत राहतो.

प्रतिकारशक्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लष्कर येतं: ढाल, हल्ला, शत्रू. ते लष्कर घटकाभर बाजूला राहू द्या. त्या जागी हा सराफ बसवा, आणि एक श्वास सावकाश घ्या.

कानात आता नव्या बाळ्या आहेत. दिसायला सुंदर, वजनाला हलक्या, आणि धातूत निकेल. शुद्ध सोनं घामाला सहसा दाद देत नाही. निकेल देतं. त्याचे अतिसूक्ष्म कण सुटून टोचलेल्या जागेतून आत उतरतात. एकटा कण इतका लहान की पहारेकऱ्याच्या नजरेत भरू नये. पण तो आपल्याच प्रथिनांना चिकटतो आणि त्यांचा चेहरा बदलतो. घरचा माणूस अनोळखी टोपी घालून दारात उभा राहावा, तसं होतं.

कातडीत फांद्या पसरून बसलेल्या काही पेशी असतात. पाउल लँगरहान्स यांनी विद्यार्थिदशेतच, १८६८ मध्ये, त्यांचं वर्णन केलं. त्यांतली एखादी तो बदललेला चेहरा उचलते, जवळच्या लसिका ग्रंथीत नेते आणि तिथल्या टी पेशींना दाखवते. बाहेर काहीच दिसत नाही. कान शांत असतो. आत मात्र एक ओळख पक्की होत असते. पुढे केव्हातरी त्याच बाळ्या घातल्या की दिवस-दोन दिवसांनी पाळी लाल होते, खाजते, पाणी धरते. मग घड्याळाचा पट्टा आणि जीन्सचं बटणही तीच आठवण जागी करतं.

हा सावकाश येणारा राग. दुसरा राग मिनिटांत येतो. शेंगदाणा किंवा गांधीलमाशीचा डंख काहींच्या शरीरात आयजीई नावाच्या प्रतिपिंडांना भेटतो आणि मास्ट पेशी हिस्टामिन ओतू लागतात. अंगावर गांधी उठतात, घसा आवळतो, रक्तदाब कोसळतो. अशा वेळी मनन करत बसू नये. ॲड्रेनलिनचं इंजेक्शन घ्यावं आणि तातडीने दवाखाना गाठावा.

पुन्हा कानाकडे या. निकेल डाळींत असतं, काजूत असतं, कोकोत असतं. ते आपण रोज खातो आणि बहुतेकांचं काही बिघडत नाही. ज्या मुलांच्या दातांना आधी तारा बसल्या आणि कान नंतर टोचले गेले, त्यांच्यात निकेलची ॲलर्जी कमी आढळते, असं काही पाहण्यांत दिसलं आहे. धातू तोच. तोंडाच्या दाराने आला तेव्हा पाहुणा ठरला, जखमेतून आला तेव्हा चोर. परकेपणा वस्तूत किती आणि पहिल्या भेटीत किती? या प्रश्नाचं उत्तर शोधू नका. त्याला जवळ बसू द्या.

लष्करातल्या त्याच सराफ्यात जून १८५८ मध्ये इंग्रजांनी ग्वाल्हेरचे खजिनदार अमरचंद बांठिया यांना कडुलिंबाच्या झाडावर फाशी दिलं. राणी लक्ष्मीबाईंच्या फौजेसाठी त्यांनी खजिना उघडला होता. त्या दिवसाच्या निवाड्यात ते द्रोही होते; आज त्यांना हुतात्मा म्हणतात. निवाडा करणारा हात बदलला, माणूस तोच होता.

आता हात छातीवर ठेवा. तिथल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी आहे. लहानपणी ती मोठी असते, वयाबरोबर आक्रसत जाते. कोवळ्या टी पेशींची कसोटी इथे लागते. या ग्रंथीतल्या पेशी साऱ्या देहाचे नमुने मांडून बसतात, स्वादुपिंडातलं इन्सुलिनसुद्धा. ज्या टी पेशीला घरचं काहीच ओळखता येत नाही ती बाद. जी घरच्याला कडकडून धरते तीही बाद. शंभरात पाचही बाहेर पडत नाहीत. तरीही एखादा हिणकस दाणा निसटतो. मग कुणाच्या गळ्यातली थायरॉइड कुरतडली जाते, कुणाचे सांधे, कुणाच्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी. अशा निसटलेल्यांना आवरायला नियामक टी पेशी असतात. त्यांचा शोध लावणाऱ्या मेरी ब्रंकाऊ, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५चं नोबेल मिळालं. सन्मान झाला तो आवरण्याच्या कलेचा.

ज्याला असा, घरच्यांवरच उलटणारा आजार आहे त्याला ‘तुझी प्रतिकारशक्ती कमी आहे’ असं सहज म्हटलं जातं. तुम्हीच ते ऐकलं असेल, तर इथे थोडं अधिक थांबा. तुमच्या आत बळ कमी पडलेलं नाही. कस लावताना चूक झाली, आणि ती तुम्ही केलेली नाही. ॲलर्जीसारख्या काही चुका शिकवून सुधारतात. १९११ मध्ये लिओनार्ड नून यांनी परागकणांचा अर्क थेंबाथेंबाने टोचून शरीराला त्यांची सवय लावून पाहिली. तीच वाट आज डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालली जाते, घरच्या घरी नाही.

सोनारानेच कान टोचावेत, असं आपल्याकडे म्हणतात. ती म्हण आता बोटांनी आठवा. मग हात खाली घ्या आणि एक श्वास घ्या. या श्वासाबरोबर रस्त्याची धूळ आत गेली, परागकण गेले, बुरशीचे बीजकण गेले. तुम्हाला काहीच झालं नाही. आत कुणीतरी रेघ ओढली, थेंब सोडला, पाहिलं आणि म्हणालं, जाऊ द्या.