‘पूर्वी’ आणि ‘पण आता’
१९६८ साली अमेरिकन कवी केनेथ कोक न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधील एका सरकारी प्राथमिक शाळेत मुलांना कविता लिहायला शिकवू लागले. ‘विशेस, लाइज अँड ड्रीम्स’ (१९७०) या त्यांच्या पुस्तकात त्याचा वृत्तान्त आहे. स्थित्यंतराच्या कवितेसाठी त्यांनी दिलेला साचा साधा होता. एका ओळीचा आरंभ ‘पूर्वी मी’ असा, पुढच्या ओळीचा ‘पण आता’ असा. यमक नको, कल्पित, अद्भुत काहीही चालेल.

साच्यामुळे उत्स्फूर्ततेला बाध येतो हा आक्षेप वरवरचा आहे. साचा ओवीलाही असतोच. खरा प्रश्न नैतिक आहे. मुलांनी बदलाविषयी लिहावे असे म्हणताना प्रौढांना बहुधा सुधारणाच अभिप्रेत असते. पूर्वी आळशी, आता उद्योगी. अशी कविता म्हणजे प्रगतिपुस्तकच. शेरा तेवढा बाकी. कोक यांचा ‘पण’ मात्र दिशा ठरवून देत नाही. पूर्वी डोंगर असलेले मूल आता खडा होऊ शकते, आणि त्याचा खुलासा त्याला करावा लागत नाही.

तरीही ‘आता’ हा शब्द मोठ्यांनीच पुरवलेला राहतो. त्या शाळेत स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतील मुलेही होती. घर सोडून आलेल्या ज्या मुलाचे ‘पूर्वी’ अद्याप सरलेलेच नाही, त्याने दुसरी ओळ कोरी ठेवली, तर शिक्षकाने ती कविता अपुरी मानावी काय?