करुणा आणि सत्य

दुसऱ्याच्या दुःखाची वार्ता सांगताना सांगणाऱ्याचा कंठ दाटून आला, तर तो दोष म्हणावा की गुण? अमेरिकेतील ओप्रा विन्फ्री यांची दूरचित्रवाणीवरील कारकीर्द पाहताना हा प्रश्न आमच्या मनात उभा राहतो.

१९५४ साली मिसिसिपी राज्यात गरिबीत जन्मलेल्या ह्या कृष्णवर्णीय स्त्रीला १९७६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, बाल्टिमोरच्या केंद्रावर सायंकाळच्या बातम्या देण्याचे काम मिळाले. परंतु दुःखद बातम्या देताना त्यांना भावना आवरणे जड जाई. १९७७ साली त्यांना त्या जागेवरून दूर करण्यात आले. पुढच्याच वर्षी त्याच केंद्राने त्यांच्याकडे गप्पांचा कार्यक्रम सोपविला आणि बातम्यांच्या आसनावर दोष ठरलेला हळवेपणा तेथे गुण ठरला. १९८४ साली त्या शिकागोला गेल्या. १९८६ साली त्यांचा कार्यक्रम देशभर दिसू लागला. बालपणी आपल्यावर झालेल्या अत्याचाराविषयी त्या त्याच वर्षी त्यात उघडपणे बोलल्या. हा कार्यक्रम २०११पर्यंत पंचवीस वर्षे चालला.

एवढ्यावरून हृदय सच्चे असले की पुरे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण तो घाईचा ठरेल. २००५ साली ओप्राबाईंनी आपल्या वाचकमंडळासाठी जेम्स फ्रे यांचे आत्मकथन निवडले. व्यसनाच्या गर्तेतून वर आलेल्या माणसाची ती कहाणी लाखोंनी विकत घेतली. मात्र जानेवारी २००६मध्ये उघड झाले की, जवळजवळ तीन महिने तुरुंगवास भोगल्याचे लिहिणारे हे गृहस्थ प्रत्यक्षात काही तासच कोठडीत होते. ओप्राबाईंनी आरंभी त्यांची पाठराखण केली. कहाणीतील उद्धाराचा संदेश त्यांना मोलाचा वाटत होता. थोड्याच दिवसांत त्यांना आपली चूक उमगली. सत्याला महत्त्व नाही असा समज आपल्यामुळे पसरला, हे त्यांनी आपल्याच कार्यक्रमात कबूल केले आणि समोर बसलेल्या लेखकाला कठोर शब्दांत जाब विचारला. पुढे २०११ साली त्यांनी त्याच लेखकाला पुन्हा बोलावून, त्या दिवशी आपण करुणा दाखविली नाही म्हणून त्याची क्षमा मागितली.

आधी सत्यावाचून करुणा, मग करुणेवाचून सत्य आणि अखेर दोहोंची भेट. ही भेट घडायला पाच वर्षे लागली!

लोकांपुढे बोलणाऱ्या आम्हालाही हा मोह परिचित आहे. श्रोत्यांचे डोळे पाणवावेत म्हणून घडलेल्या प्रसंगात पदरची चार वाक्ये घालावीशी वाटतात. हेतू चांगला आहे, बिघडते कोठे, असे मन समजावते. परंतु बिघडते ते खऱ्या दुःखिताचे. खोट्या कहाणीवर एकदा अश्रू ढाळून फसलेला माणूस, उद्या खरोखर व्यसनातून सुटलेला कोणी दारी आला, तर त्याच्याकडे संशयाने पाहतो. उलट, कोणाचे खोटे पकडल्यावर चारचौघांत त्याची लाज काढणे हीही सत्याची सेवा नव्हे.

म्हणून कंठ दाटून येण्यात लाज नाही, असे आम्हांस वाटते. मात्र त्या दाटल्या कंठातून बाहेर पडणारा शब्द खरा असावा. आणि खरा शब्द उच्चारताना समोरच्याचे माणूसपण आपल्या नजरेआड होऊ नये.